विरोधी बाकावरचे बाबासाहेब



संपादक मंडळाने लेख मागितला तेव्हा ‘शाळेच्या आठवणी’ असाच विषय सुचवला होता. पण आठवणी लिहिणारे आपल्यात माझ्यापेक्षा सरस पुष्कळ आहेत. माझी सारी नोकरी वित्त विभागात गेली. तरतूद किती, खर्च किती, मार्चअखेर शिल्लक किती, हेच मला येते. म्हणून आठवण एकच सांगतो आणि तिच्या आधाराने थोडा इतिहास लिहितो.

आपण नववीत असताना इतिहासाच्या सरांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा पाठ घेतला. पाठ लहान होता. महाडचा सत्याग्रह, गोलमेज परिषद, राज्यघटना, आणि तास संपला. तेवढ्यात शेवटच्या बाकावरून कोणीतरी विचारले, “सर, घटना लिहायच्या आधी वीस वर्षं ते काय करत होते?” वर्ग हसला. सर हसले नाहीत. म्हणाले, “प्रश्न चांगला आहे. उत्तर तुम्ही शोधून आणा.” तो प्रश्न विचारणारा मी नव्हतो, पण तो माझ्याकडे राहिला. सेवानिवृत्तीनंतर वाचनालयात जायला वेळ मिळू लागला, तेव्हा महाराष्ट्र शासनाने प्रसिद्ध केलेल्या बाबासाहेबांच्या लेखन आणि भाषणांच्या मालिकेतला दुसरा खंड हाती आला. तो १९८२ साली निघाला, म्हणजे आपण शाळा सोडल्यानंतर. १९२७ ते १९३९ या काळातली मुंबईच्या कायदेमंडळातली त्यांची भाषणे त्यात आहेत. सरांना द्यायचे उत्तर तिथे होते. आज सर नाहीत, पण उत्तर उशिरा का होईना, द्यायला हवे.

तिजोरी कोण भरतो?

बाबासाहेब मुळात अर्थशास्त्रज्ञ होते, हे आपण विसरतो. कोलंबिया आणि लंडन या दोन्ही ठिकाणी त्यांनी याच विषयाचा अभ्यास केला. मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात त्यांनी तोच शिकवला. रुपयाच्या प्रश्नावरचा त्यांचा ग्रंथ १९२३ साली आणि प्रांतांच्या आर्थिक व्यवहाराच्या इतिहासावरचा १९२५ साली प्रसिद्ध झाला. फेब्रुवारी १९२७ मध्ये सरकारनियुक्त सभासद म्हणून ते मुंबई कायदेमंडळात बसले, तेव्हा इलाख्याचा अर्थसंकल्प आतून-बाहेरून समजणारे जे थोडे लोक तिथे असतील, त्यांत छत्तीस वर्षांचाही न झालेला हा सभासद नक्कीच होता.

सरकारने नेमलेला माणूस सरकारची री ओढील, अशी सर्वसाधारण अपेक्षा असते. २४ फेब्रुवारी १९२७ रोजी अर्थसंकल्पावर बोलताना त्यांनी ती मोडली. त्यांचा पहिला प्रश्न खर्चाचा नव्हता, जमेचा होता. ही तिजोरी भरतो कोण?

त्या काळी प्रांताची मोठी जमा शेतसारा आणि अबकारी, म्हणजे दारूवरचा कर, या दोन बाबींतून येई. शेतसाऱ्यात शेतकऱ्याची मिळकत विचारात घेतली जात नसे. एक एकराचा धनी असो की शंभर एकरांचा, आकारणीचा दर तोच, आणि पीक बुडाले तरी सारा उभाच. उलट प्राप्तिकरात ठरावीक मर्यादेखालचे उत्पन्न माफ होते, आणि ती मर्यादा वर्षाला दोन हजार रुपयांची होती. म्हणजे शहरात महिना दीडशे रुपये मिळवणाऱ्याला कर नाही आणि दोन गुंठे नाचणी पिकवणाऱ्याला आहे. कराचा बोजा ऐपतीप्रमाणे पडला पाहिजे, हे तत्त्व त्यांनी तिथे मांडले. आज हे कोणत्याही पाठ्यपुस्तकात सापडेल. तेव्हा ते जमीनदार, व्यापारी आणि वकिलांनी भरलेल्या सभागृहात उभे राहून सांगावे लागत होते.

दुसरे भाषण १२ मार्चचे, शिक्षणाच्या तरतुदीवरचे. हिशेबाच्या माणसाला ते वाचताना वहीची दोन पाने समोरासमोर ठेवल्यासारखे वाटते. एका पानावर सरकार माणशी शिक्षणावर किती खर्च करते, तर चौदा आणे. समोरच्या पानावर त्याच माणसाकडून अबकारीपोटी किती घेते, तर दोन रुपयांहून जास्त. निदान दारूपोटी जेवढे घेता तेवढे तरी शिक्षणावर खर्च करा, एवढीच त्यांची मागणी होती.

पण या भाषणातला जो आकडा माझ्या मनातून जात नाही तो वेगळाच आहे. प्राथमिक शाळेत नाव घातलेल्या शंभर मुलांपैकी चौथीपर्यंत पोचतात अठरा. उरलेली ब्याऐंशी मुले वाटेतच गळतात आणि पुन्हा निरक्षर होतात. पटावर नाव आले म्हणजे काम झाले असे नव्हे. मूल लिहिता-वाचता होऊनच शाळेबाहेर पडले पाहिजे, नाही तर त्यावरचा खर्च वाया गेला असे समजा, हा त्यांचा मुद्दा. चालू गतीने गेलो तर शाळेच्या वयाची सगळी मुले शाळेत यायला चाळीस वर्षे लागतील आणि मुली यायला तीनशे, हा हिशेबही त्यांनी त्याच भाषणात मांडला. अठराचा हा आकडा लक्षात असू द्या. लेखाच्या शेवटी मला त्याची गरज लागणार आहे.

या भाषणानंतर आठवडाभरात, १९ आणि २० मार्चला, ते महाडला होते. चवदार तळ्याची हकीकत आपल्याला पाठ आहे. पण ती आणि कायदेमंडळातले काम वेगळे नव्हते. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव याच कायदेमंडळाने १९२३ साली मंजूर केला होता. ठराव कागदावर होता आणि पाणी तळ्यात होते. कागद आणि तळे यांच्यातले अंतर चालून दाखवायला महाडला जावे लागले.

बाळंतिणीच्या विश्रांतीचे पैसे

आपल्या वर्गातल्या निम्म्याअधिक मुलांचे वडील मुंबईला गिरणीत होते. महिन्याच्या दहा-बारा तारखेला पोस्टमन मनिऑर्डरी घेऊन यायचा, तेव्हा मधल्या सुट्टीत शाळेबाहेर थांबणाऱ्या आया आठवतात ना? त्यांच्या आधीच्या पिढीत कोकणातल्या पुष्कळ बायका स्वतःच गिरणीत होत्या, बहुतेक वाइंडिंग-रीलिंग खात्यांत. बाळंतपणाच्या कळा सुरू होईपर्यंत काम करायचे, आणि बाळंत झाल्यावर जागा जाईल या भीतीने ओल्या अंगाने पुन्हा भोंग्याला हजर व्हायचे, ही तिथली रीत होती.

या बायकांना बाळंतपणाच्या आधी आणि नंतर काही आठवडे पगारी विश्रांती द्यावी, असे विधेयक १९२८ साली मुंबई कायदेमंडळात आले. त्याआधी, १९२४ साली, कामगारनेते ना. म. जोशी यांनी असेच विधेयक दिल्लीच्या मध्यवर्ती कायदेमंडळात आणले होते, पण ते मंजूर झाले नाही. आता मुंबईत तोच वाद नव्याने सुरू झाला. विरोधकांचा मुद्दा वरवर पाहता कळवळ्याचा होता. मालकांवर भार टाकाल तर मालक बायकांना कामावरच ठेवणार नाहीत, मग तुमच्या कायद्याने भले कोणाचे झाले? शिवाय शेतमजूर बायकांना जे नाही ते गिरणीतल्या बायकांनाच का?

२८ जुलै १९२८ रोजी बाबासाहेब या विधेयकाच्या बाजूने बोलले. भाषण लांब नाही, पण त्यातली मांडणी फार विचारपूर्वक केलेली आहे. आईला प्रसूतीच्या आधी आणि नंतर विश्रांती मिळणे ही तिच्यावरची मेहेरबानी नव्हे, त्यात राष्ट्राचे हित आहे, ही पहिली पायरी. मग राष्ट्राचे हित असेल तर खर्चाचा मोठा वाटा सरकारनेच उचलला पाहिजे, कारण लोकांच्या कल्याणाची जबाबदारी मुळात सरकारची, ही दुसरी. आता इथे मालक सुटल्यासारखे वाटतात. पण तिसरी पायरी त्यांना पुन्हा पकडते. मालक काही धर्मादाय म्हणून बायकांना कामावर ठेवत नाही. काही कामांत पुरुषापेक्षा बाई ठेवणे त्याला परवडते, नफ्याचे ठरते, म्हणून ठेवतो. ज्याने नफा घेतला त्याने खर्चाचा वाटाही उचलावा, आणि सरकार आपला वाटा देत नाही म्हणून मालकाला सूट मिळू नये.

मला या भाषणात आवडते ते हे, की बाळंतिणीचे दुःख सांगून त्यांनी सभागृहाला रडवण्याचा प्रयत्न केलेला नाही. त्यांनी फक्त विचारले, हा खर्च कोणाच्या खात्यावर पडायला हवा? आतापर्यंत तो बाईच्या अंगावर आणि तिच्या मुलाच्या आयुष्यावर पडत होता. तो कुठेच लिहिला जात नव्हता म्हणून कोणाला दिसत नव्हता. विधेयक मंजूर होऊन १९२९ साली मुंबई इलाख्यात प्रसूतिलाभाचा कायदा आला. अशा कायद्यांत तो देशातला अगदी सुरुवातीचा.

तीन दिवसांतल्या दोन गोष्टी

१९३७ साली नव्या कायद्याने निवडणुका झाल्या. बाबासाहेबांनी आदल्या वर्षी स्थापन केलेला स्वतंत्र मजूर पक्ष निवडून येऊन विरोधी बाकांवर बसला. सत्तेवर काँग्रेस होती. बाळासाहेब खेर मुख्यमंत्री (तेव्हाचा शब्द ‘पंतप्रधान’), अण्णासाहेब लठ्ठे अर्थमंत्री. आरोग्य आणि अबकारी ही दोन्ही खाती डॉ. गिल्डर यांच्याकडे होती. ते मुंबईतले नामवंत हृदयरोगतज्ज्ञ. तेव्हा समोर कोणी परके किंवा अडाणी मंत्री नव्हते. त्यागी, शिकलेली, लोकांनी निवडून दिलेली माणसे होती. अशा सरकारचा विरोध करणे जास्त अवघड असते.

आपल्या भागाशी थेट संबंध असलेला विषय खोतीचा. १७ सप्टेंबर १९३७ रोजी बाबासाहेबांनी खोती पद्धत रद्द करण्याचे विधेयक मांडले. खोताला वाजवी भरपाई द्यायची आणि जमीन कसणाऱ्या कुळाचे नाव थेट सरकारदरबारी लावायचे, अशी त्याची रचना होती. जानेवारी १९३८ मध्ये कोकणातले हजारो शेतकरी या मागणीसाठी मुंबईत कौन्सिल हॉलवर मोर्चा घेऊन गेले. विधेयक मात्र पुढे सरकले नाही. १९३९ च्या नोव्हेंबरात मंत्रिमंडळाने राजीनामा दिला आणि विषय तिथेच राहिला. खोती गेली ती स्वातंत्र्यानंतर, मुंबई राज्याच्या १९४९ च्या कायद्याने. आपल्या वर्गात खोतांच्या घरची मुले होती आणि कुळांच्या घरचीही. एकाच बाकावर बसून एकाच डब्यातली भाकरी आपण खाल्ली. हे आपोआप घडले नव्हते, हे मला हा खंड वाचेपर्यंत उमगले नव्हते.

पुढचे वर्ष १९३८. औद्योगिक कलह विधेयकाने काही परिस्थितींत संप करणे हा गुन्हा ठरणार होता. बाबासाहेबांनी सप्टेंबरात त्यावर सविस्तर भाषण केले. माणसाला काम न करण्याचे स्वातंत्र्य नसेल तर त्याच्या कामाला वेठबिगार का म्हणू नये, असा त्याचा रोख होता. विधेयक बहुमताने मंजूर झाले. ७ नोव्हेंबर १९३८ रोजी त्याविरुद्ध एक दिवसाचा संप झाला, त्यात बाबासाहेब आणि कम्युनिस्ट पुढारी एकत्र होते.

आणि तीनच दिवसांनी, १० नोव्हेंबरला, त्यांच्या पक्षाचे सभासद पी. जे. रोहम यांनी सभागृहात एक अशासकीय ठराव मांडला. संततिनियमनाचा सरकारने प्रचार करावा आणि त्यासाठी लोकांना सोयी उपलब्ध करून द्याव्यात, असा तो ठराव होता. त्याच्या समर्थनाचे भाषण बाबासाहेबांनी तयार केले होते. ते स्वतः त्या दिवशी हजर नव्हते, म्हणून रोहम यांनी ते सभागृहात मांडले.

साल १९३८ आहे हे ध्यानात घ्या. र. धों. कर्व्यांना याच विषयापायी कॉलेजातली नोकरी सोडावी लागली होती. १९३४ साली त्यांच्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकावर अश्लीलतेचा खटला झाला, तेव्हा त्यांचे वकीलपत्र घेणारे बाबासाहेबच होते. तो खटला ते हरले. जो विषय न्यायालयात हरला होता, तो आता सरकारच्या आरोग्यखात्याचे काम म्हणून सभागृहात आला होता.

भाषणात मुद्दे आर्थिक आहेत, तसे वैद्यकीयही आहेत. दारिद्र्य आणि वाढती कुटुंबे, एकामागून एक बाळंतपणांनी खचलेली बाईची प्रकृती, नको असताना जन्मलेल्या मुलांचे हाल. प्रसूतीच्या वेणा पुरुषांना सोसाव्या लागल्या असत्या तर एकापेक्षा जास्त मुलाला कोणी तयार झाला नसता, असा टोलाही त्यात आहे. संयम पाळा म्हणजे झाले, असे म्हणणाऱ्यांना उत्तर दिले आहे. पण मूळ सूत्र १९२८ सालचेच आहे. बाईच्या शरीरावर जे घडते ते तिचे नशीब म्हणून सोडून देता येणार नाही. ती सार्वजनिक बाब आहे आणि तिची तरतूद सार्वजनिक पैशातून व्हायला हवी.

ठराव मोठ्या फरकाने पडला.

१९३९ च्या फेब्रुवारीत अर्थसंकल्पावर बोलताना त्यांनी दारूबंदीचा विषय घेतला. दारूबंदीमुळे बुडणारे उत्पन्न भरून काढायला सरकारने शहरी स्थावर मिळकतीवर दहा टक्के कर बसवला होता. १९२७ साली दारूच्या उत्पन्नावर बोट ठेवणारा माणूस आता दारूबंदीवरही टीका करतो, ही विसंगती नाही का? मलाही आधी तसे वाटले. पण दोन्ही भाषणे शेजारी ठेवून वाचली तेव्हा प्रश्न एकच दिसला, क्रमाचा. तिजोरी लहान आहे. शाळा नाहीत, दवाखाने नाहीत. अशा वेळी पहिला रुपया कशावर घालायचा? दारूबंदी वाईट असे त्यांचे म्हणणे नव्हते. ती पहिली गरज आहे का, हे त्यांचे विचारणे होते. वित्त विभागात काढलेल्या तीस-पस्तीस वर्षांत मी हजारो टिपण्या लिहिल्या. त्या सगळ्यांचा सार काढला तर हाच प्रश्न उरतो, आणि तो विचारणारा माणूस कोणत्याच बैठकीत लोकप्रिय नसतो.

बाक बदलल्यावर

बाबासाहेबांची गोष्ट सांगताना आपण उजळ पाने तेवढी वाचतो. मला एक अवघड पान वगळावेसे वाटत नाही.

१९४२ ते १९४६ ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. आता प्रश्न दुसरे विचारत होते आणि उत्तरे त्यांना द्यायची होती. या काळात त्यांनी पुष्कळ केले. खाणीतल्या बायकांच्या प्रसूतिलाभाच्या कायद्यात १९४३ साली सुधारणा केली. आठवड्याला अठ्ठेचाळीस तास कामाची मर्यादा त्यांच्याच काळातल्या प्रयत्नांतून आली. पण महायुद्धात कोळसा कमी पडू लागला तेव्हा बायकांना कोळशाच्या खाणीत जमिनीखाली काम करायला असलेली बंदी सरकारने उठवली. ८ फेब्रुवारी १९४४ रोजी मध्यवर्ती कायदेमंडळात त्यावर टीका झाली आणि सरकारची बाजू मांडायला उभे राहिले ते बाबासाहेब. ही युद्धकाळातली तात्पुरती निकड आहे, आणि या कामाला बायकांना पुरुषांइतकीच मजुरी मिळेल, असे त्यांचे उत्तर होते. समान कामाला समान दाम हे तत्त्व त्यांनी तिथे आग्रहाने पुढे केले. १९४६ साली बंदी पुन्हा लागू झाली.

हे वाचून मला वाईट वाटले, आणि थोडा धीरही आला. वाईट एवढ्यासाठी, की १९२८ चे भाषण आठवत होते. धीर एवढ्यासाठी, की त्यांनाही अडचणीच्या प्रश्नाला सभागृहात उभे राहून उत्तर द्यावे लागले, आणि त्यांनी ते दिले, टाळले नाही. विरोधी बाकावरून विचारलेल्या प्रश्नाचा उपयोग तोच. समोरचा कितीही मोठा असला तरी त्याला हिशेब द्यावा लागतो.

१९५१ साली त्यांनी नेहरूंच्या मंत्रिमंडळाचा राजीनामा दिला. पुढे लोकसभेची मुंबईतली निवडणूक हरले, १९५४ ची भंडाऱ्याची पोटनिवडणूकही हरले. १९५२ पासून अखेरपर्यंत ते राज्यसभेत होते, पुन्हा विरोधी बाकावर. १९५२ च्या अर्थसंकल्पावर बोलताना लष्करावरचा प्रचंड खर्च हा लोककल्याणाच्या मार्गातला मोठा अडथळा आहे, असे त्यांनी सांगितले. ६ सप्टेंबर १९५४ रोजी तर त्यांनी सगळ्यांना चकित करणारी सूचना केली. रद्द झालेला मिठावरचा कर पुन्हा बसवा आणि त्यातून गांधीजींच्या नावाने निधी उभारा. त्या निधीतून अस्पृश्यांना पडीक जमिनीवर वसवा. मीठ आणि गांधीजी ही नावे एकत्र आली की आपल्याला दांडी आठवते. बाबासाहेबांचे म्हणणे असे, की हा कर माणशी फार थोडा पडतो, तो गेल्याने गरिबाच्या हाती विशेष काही उरलेले नाही, आणि ज्यांच्यावर गांधीजींचे प्रेम होते त्यांच्यासाठीच तो वापरू या. सूचना मान्य झाली नाही. पण एवढे दिसते, की त्रेसष्टाव्या वर्षी, प्रकृती ढासळलेली असताना, दोन निवडणुका हरल्यावरही हा माणूस योजना मांडताना तिच्यासाठी पैसे कुठून येतील हेही सांगत होता. नुसती मागणी त्यांनी कधी केली नाही. जमेची बाजू दाखवल्याशिवाय खर्चाची बाजू लिहायची नाही, हा शिरस्ता १९२७ पासून शेवटपर्यंत राहिला.

आपला हजेरीपट

आता अठराच्या आकड्याकडे येतो.

मेळाव्याची पहिली बैठक झाली तेव्हा निमंत्रणाची यादी दहावीच्या पटावरून करायची ठरली. आमच्या तुकडीचे नाव दहावीच्या सालावरून चालते, त्यामुळे ते साहजिक होते. मी म्हटले, यादी पाचवीच्या पटावरून करू या. पाचवीत आपण एकाहत्तर होतो, दहावीला बसलो अडतीस. मुली चोवीस होत्या, त्यांतल्या सात उरल्या. मग तेहतीस जण गेले कुठे? माझी सूचना त्या बैठकीत पडली. कारणे खोटी नव्हती. पत्ते नाहीत, माणशी जेवणाचा खर्च वाढतो, आणि शाळा सोडलेल्यांना इथे येऊन अवघडल्यासारखे होईल. मला बाजूने दोन हात मिळाले. मी घरी येऊन बारा मार्चचे ते भाषण पुन्हा वाचले.

त्या चोवीस मुलींपैकी एक माझ्या पुढच्या बाकावर बसायची. गणितात ती माझ्यापुढे होती. लसावि-मसावि मला तिने शिकवले, सरांनी नव्हे. सातवीत असताना तिची आई पाचव्या बाळंतपणात गेली. खाडीला ओहोटी होती, तर लागली नव्हती, आणि डॉक्टर पलीकडच्या गावात होता. पाठची चार भावंडे. आठवड्याभराने ती वर्गात दफ्तर न्यायला आली ती शेवटची. आपण सगळ्यांनी ते पाहिले आणि पुढच्या तासाला कविता म्हटली. आम्हा मुलांना वाटले, असे होतच असते. त्या वेळी १९३८ चा तो ठराव पडून चाळीस वर्षे व्हायला आली होती. सरकारी कुटुंबनियोजनाचे लाल त्रिकोण गावागावांत भिंतींवर रंगवलेले होते, आपल्या शाळेच्या भिंतीवरही होता. भिंतीवरचा त्रिकोण आणि खाडीपलीकडचा डॉक्टर यांच्यात जे अंतर होते, ते कागद आणि तळे यांच्यातल्या अंतरासारखेच होते.

दुसऱ्या बैठकीला मी हिशेब घेऊन गेलो. तेहतीस जणांपैकी निम्मे जरी आले तरी जेवणाचा वाढीव खर्च किती, तो मंडपाच्या सजावटीतून कसा निघेल, पत्ते शोधायला कोणत्या गावी कोणी जायचे, सगळे एका कागदावर लिहून नेले. या वेळी सूचना मंजूर झाली. तेहतीसपैकी सहा जण आता हयात नाहीत. अकरा जणांचा पत्ता लागला नाही. सोळा सापडले, आणि हा लेख छापायला देईपर्यंत त्यांतल्या नऊ जणांनी येतो असे कळवले आहे.

ती येणार आहे. तिचे नाव इथे लिहीत नाही, ओळखणारे ओळखतील. फोनवर म्हणाली, “मी कशाला रे? माझी सातवीसुद्धा पुरी नाही.” मी म्हटले, “पटावर तुझा नंबर माझ्या आधी आहे.” थोडा वेळ ती काही बोलली नाही. मग विचारले, “नात आली तर चालेल का? ती बारावीला आहे. गणित घेतलंय.”

सर, तुमच्या प्रश्नाचे उत्तर आणायला पंचेचाळीस वर्षे लागली. घटना लिहायच्या आधी बाबासाहेब विरोधी बाकावर बसून हिशेब विचारत होते. बरीचशी मते हरत होते, आणि तरी पुढच्या अधिवेशनाला कागद घेऊन हजर राहत होते.